रेडिओची वर्षं कापू नकोस

चि. बेटा,
अनेक आशीर्वाद.

विस्मृतीत गेलेल्या त्या गायिकेवरच्या तुझ्या माहितीपटाचा रफ कट, म्हणजे कच्चं संकलन, पाहिला. नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यात बाईंची नात ट्रंक उघडते आणि लुगड्याच्या घडीतून रेकॉर्ड बाहेर काढते, तो तुकडा झकास जमलाय, त्याला हात लावू नकोस. मला बोलायचंय ते निवेदनाबद्दल. 'त्यानंतर हा आवाज पुन्हा कुणी ऐकला नाही' असं तुझा निवेदक गळा भरून म्हणतो. आणि फोनवर तूच मला सांगितलंस, की १९४८ साली आकाशवाणीचं नागपूर केंद्र सुरू झाल्यावर बाई तिथे कित्येक वर्षं गात होत्या. नात हे कॅमेऱ्यासमोरही बोलली आहे. मग ते गेलं कुठे? तू कापलंस, कारण बाई जितक्या विस्मृतीत, तितका पिच्चर भारी.

हा मोह भल्याभल्यांना पडतो. 'सर्चिंग फॉर शुगर मॅन' हा माहितीपट घे, २०१२चा, ऑस्कर मिळालेला. डेट्रॉइटच्या रॉड्रिग्ज या गायकाचे १९७० आणि ७१ साली दोन अल्बम आले, अमेरिकेत ते कुणी विचारले नाहीत, पण दक्षिण आफ्रिकेत त्याची गाणी घराघरात पोचली. तिकडे तर तो मेला म्हणूनच सांगायचे. हे सगळं खरं. पण १९७९ आणि ८१ साली हाच माणूस ऑस्ट्रेलियात दौरे करून आला होता, आणि पिच्चरमध्ये त्या दौऱ्यांचं नावही नाही. मला तो पिच्चर आवडतो, तरी हे कळल्यापासून बघताना दिग्दर्शकाची कात्री दिसत राहते. खरं तर ऑस्ट्रेलिया ठेवून गोष्ट जास्त अजब झाली असती. एकीकडे टाळ्या, दुसरीकडे मेल्याची वदंता, आणि स्वतःच्या गावात हा घरांची पाडापाडी-दुरुस्ती करून पोट भरतोय.

तुझ्या बाईंचंही तसंच आहे. रेडिओ आत घेतलास की खरा प्रश्न पुढे येतो: इतकं गाऊनही हाती फक्त दोन रेकॉर्डच का? त्या काळी बरंचसं गाणं थेट जायचं. टेप आल्यावरही ती महाग, एका कार्यक्रमावर दुसरा चढायचा. गायलेलं हवेत गेलं. ऐकणारे होते, ते एकेक करून गेले. उरलेले गाठ. धंतोलीत, सीताबर्डीत ऐंशीच्या पुढची माणसं अजून आहेत. त्यांना विचारताना बाईंचं नाव आधी घेऊ नकोस. नाव सुचवलं की म्हातारी माणसं हो म्हणून मोकळी होतात. रेडिओवर कुणाचं गाणं लागायचं एवढंच विचार आणि गप्प बस. आणि त्या ट्रंकेत आकाशवाणीची करारपत्रं आहेत का बघ. त्यावर तारीख असते, मानधन असतं. नातीला तो कागद रद्दी वाटत असेल, तुला तो सोन्यासारखा आहे.

आता आवाज. ज्याने रेकॉर्ड डिजिटल करून दिली त्याने एलपीची, म्हणजे नंतरच्या लाँगप्ले रेकॉर्डची, सुई लावलेली दिसते. बाईंची रेकॉर्ड ७८ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी. तिच्या खाचा रुंद असतात, बारीक सुई तळ घासत जाते आणि सगळी खरखर उचलते. रुंद टोकाची सुई असलेला माणूस शोध. वेगही तपास, बाई पट्टीच्या वर गेल्यासारख्या वाटतात. जुन्या रेकॉर्ड नेमक्या ७८वरच भरलेल्या असतील असं नसतं. आणि खाचा संपून लेबल सुरू होण्याआधीची जी कोरी पट्टी असते, ती तिरप्या उजेडात धर. तिथे आकडे कोरलेले सापडतील, तो मॅट्रिक्स नंबर, म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाचा क्रमांक. साल बहुतेक वेळा त्यावरूनच काढावं लागतं.

सुरुवातीला जुन्या गायिका गौहर जान यांचं रेकॉर्डवरचं 'माय नेम इज गौहर जान' वापरलंयस आणि वर, बाईने जगाला ठणकावून नाव सांगितलं, असं निवेदन. अगं, १९०२ सालच्या त्या रेकॉर्ड छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या. तिथल्या कामगारांना लेबल कुणाचं लावायचं ते कळावं म्हणून नाव उच्चारत. कलकत्त्यात सियालदाला रेकॉर्ड छापायचा कारखाना निघाला तो १९०८ साली. ठणकावणं काढून टाक.

आणि गाण्यावर बासरी कशाला चढवलीस बाप्पा? दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं मावत. म्हणून शेवटी बाई तान आवरती घेऊन लगबगीने मुखड्यावर येतात, ऐकलंस का? घड्याळाशी झगडणारी गायिका तिथे सापडते. एक बाजू पूर्ण वाजू दे, निवेदन नको, काही नको. निर्माता कुरकुरेल, कुरकुरू दे.

हक्कांचं थोडक्यात: ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, म्हणजे बाईंच्या रेकॉर्ड मोकळ्या आहेत. पण पद आणि चाल वेगळी, तिथे कवी आणि संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं मोजायची. पद कुणाचं ते आधी शोध. नातीकडून फोटोंसाठी लेखी परवानगी घे, तोंडी नको.

करारपत्रं सापडली तर फोटो पाठव, तारखा लावायला मी बसतो.

तुझा,
काका