पिनकोडचा डेटा कुठे मिळतो आणि वर्गणीदारांची यादी, नकाशा अशा कामांत तो कसा वापरायचा?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या वाचनालयाच्या त्रैमासिकाच्या वर्गणीदारांचे पत्ते एक्सेलमध्ये आहेत. प्रत्येकाला जिल्हा लावायचा आहे, अंकाचे गठ्ठे पिनकोडप्रमाणे बांधायचे आहेत आणि जमलं तर वाचक कुठे कुठे आहेत ते नकाशावर दाखवायचं आहे. मी अशाच एका छोट्या नियतकालिकाची यादी सांभाळतो, त्यामुळे सविस्तर लिहितो. पैसे देऊन काहीही विकत घ्यायची गरज नाही.

डेटा आधी. केंद्र सरकारच्या खुल्या डेटाच्या संकेतस्थळावर (डेटा डॉट गव्ह डॉट इन) टपाल खात्याची 'ऑल इंडिया पिनकोड डिरेक्टरी' आहे. ती सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) उतरवून घ्या. तिच्यात देशातल्या दीड लाखाहून जास्त टपाल कार्यालयांची प्रत्येकी एक ओळ असते: कार्यालयाचं नाव, पिनकोड, कार्यालयाचा प्रकार (मुख्य, उप की शाखा), ते टपाल वाटतं की फक्त स्वीकारतं, विभाग, परिमंडळ (टपाल खात्याचा साधारण राज्याएवढा भाग), जिल्हा, राज्य, आणि अक्षांश-रेखांश. देशात पिनकोड एकोणीस हजारांच्या आसपास आहेत आणि ओळी दीड लाखाच्या वर, म्हणजे एका पिनकोडवर सरासरी आठ तरी कार्यालयं. हा आकडा डोक्यात ठेवा, पुढे फार उपयोगी पडतो. फाइल एक्सेलमध्ये उघडते, पण जड जाते. पहिल्यांदाच राज्याच्या रकान्यावर गाळणी लावून महाराष्ट्र आणि गोवा वेगळा काढून ठेवा.

गाळणी राज्याच्या रकान्यावर लावा असं मुद्दाम म्हणतोय, परिमंडळाच्या नाही. टपाल खात्याच्या महाराष्ट्र परिमंडळात गोवासुद्धा येतो, आणि खात्याच्या गोवा विभागात कोल्हापूर, सांगली, रत्नागिरी, सिंधुदुर्गही येतात. चुकीचा रकाना धरलात तर पणजी महाराष्ट्रात आणि कोल्हापूर गोव्यात जाऊन बसेल.

यातच या सगळ्या कामाचं मर्म आहे. पिनकोड म्हणजे जमिनीचा तुकडा नव्हे. हे पत्र कोणत्या वाटेने जाऊन शेवटी कोणत्या कार्यालयातून वाटलं जाईल, एवढंच तो सांगतो. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती आखली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. केंद्रीय दळणवळण मंत्रालयातले अधिकारी आणि संस्कृत कवी असलेला हा आपला मराठी माणूस. एकाच नावाची अनेक गावं, वेगवेगळ्या लिप्यांतले पत्ते, यांतून वाट काढायला त्यांनी सहा आकडे योजले. पहिला आकडा देशाचा मोठा भाग, पहिले दोन मिळून परिमंडळ किंवा त्याचा भाग, पहिले तीन मिळून वर्गीकरणाचा जिल्हा आणि शेवटचे तीन वाटप करणारं कार्यालय. महाराष्ट्राला ४० ते ४४, त्यातलंच ४०३ गोव्याला. हा 'वर्गीकरणाचा जिल्हा' कलेक्टरच्या जिल्ह्याशी जुळेलच असं नाही. आजवर पाहिलेल्या बहुतेक चुकीच्या याद्या इथेच चुकलेल्या असतात.

उदाहरणं घ्या. ४१२ म्हटलं की पुणे जिल्हा असं सगळे धरून चालतात, पण वाई ४१२८०३, पाचगणी ४१२८०५ आणि महाबळेश्वर ४१२८०६ आहे, आणि तिन्ही साताऱ्यात. ४१५ साताऱ्याचा म्हणावा तर चिपळूण ४१५६०५ आणि रत्नागिरी ४१५६१२. घाटावरच्या कोल्हापूरचा ४१६ आणि घाटाखालच्या सावंतवाडीचाही ४१६. संगमनेर नगर जिल्ह्यातलं, पण ४२२ हा नाशिकचा क्रमांक घेऊन बसलंय. ४१३ मध्ये सोलापूर, धाराशिव, लातूर, शिवाय बारामती आणि श्रीरामपूर. ४३१ मध्ये तर संभाजीनगरपासून नांदेडपर्यंत मराठवाड्याचे सहा जिल्हे. मुंबईच्या ४०० मध्ये ठाणे शहर (४००६०१ पासून पुढे) आणि वाशी (४००७०३) आहेत, आणि पनवेल-खारघर मात्र ४१० मध्ये. पहिल्या तीन आकड्यांवरून जिल्हा ठरवणारं सूत्र लिहू नका. कितीही 'जर-तर' घातलेत तरी ते पुरं पडत नाही. जिल्हा पूर्ण सहा आकड्यांवरून, फाइलमधूनच घ्या.

गठ्ठे बांधायला मात्र पहिले तीन आकडेच हवेत, कारण ते त्याच कामासाठी केलेले आहेत. तिथे जिल्हा विसरून जा. पिनकोडच्या रकान्याने यादी चढत्या क्रमाने लावली, लेबलं त्याच क्रमाने छापली आणि तीन आकडे बदलले की नवा गठ्ठा केला, की काम झालं. ज्या पोस्टात अंक टाकता तिथे एकदा विचारून घ्या की त्यांना गठ्ठे किती बारीक हवेत. ठिकाणाप्रमाणे उत्तर वेगळं येतं.

आता साफसफाई. वेळ सगळ्यात जास्त इथे जातो आणि तो द्यावाच लागतो.

वर्गणीदार पत्ता मराठीत लिहितात, त्यामुळे पिनकोड कधी देवनागरी आकड्यांत, कधी रोमन आकड्यांत, कधी मध्ये मोकळी जागा सोडून '४११ ०३०' असा येतो. संगणकाला हे तीन वेगळे मजकूर वाटतात. सरकारी फाइलमध्ये आकडे रोमन आणि सलग असतात, म्हणून तुमचे तसे करून घ्या. एक्सेलमध्ये 'शोधा आणि बदला' वापरून दहा आकडे एकेक बदलता येतात. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा वापरत असाल तर त्याचं पूर्णांक करणारं फंक्शन देवनागरी आकडे सरळ समजून घेतं, फक्त मधली जागा आधी काढा. वेबसाइटसाठी वापरल्या जाणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये ही सोय नाही. वेबसाइटवर वर्गणीचा फॉर्म केलात तर मराठी कीबोर्डवरून टाकलेला पिनकोड तो 'अवैध' म्हणून परत पाठवेल. आपल्याच भाषेच्या नियतकालिकाच्या फॉर्मने आपलेच आकडे नाकारावेत, हे मला मनापासून खटकतं. देवनागरी आकडे बदलून घ्यायच्या दोन ओळी त्यात नक्की घाला.

जुन्या वर्गणीदारांची आणखी एक रीत आहे: 'विलेपार्ले पूर्व, मुंबई ५७' किंवा 'सदाशिव पेठ, पुणे ३०'. पिनकोड यायच्या आधीपासून मोठ्या शहरांत टपालाचे क्रमांक होते आणि पिनकोड करताना तेच शेवटच्या आकड्यांत ठेवले गेले. त्यामुळे मुंबई ५७ म्हणजे ४०००५७, पुणे ३० म्हणजे ४११०३०, पुणे ४ म्हणजे ४११००४. या पत्त्यांना 'पिनकोड नाही' म्हणून बाजूला काढू नका, शहरावरून पहिले तीन आकडे लावा आणि उरलेले शून्यांनी तीनपर्यंत भरा. ठाण्याला हा नियम लावू नका. 'ठाणे २' म्हणजे ४००६०२. नियमाने ४००००२ केलंत तर अंक काळबादेवीला जाईल.

मग तपासणी. भारतीय पिनकोड सहा आकडी असतो आणि शून्याने सुरू होत नाही, ही पहिली चाळणी. तो डिरेक्टरीत आहे का, ही दुसरी. तिसरी चाळणी फार कमी लोक लावतात: पत्त्यातलं गाव किंवा तालुका आणि पिनकोडवरून आलेला जिल्हा एकमेकांशी जुळतात का? दोन आकड्यांची अदलाबदल झालेला पिनकोड बहुतेकदा दुसऱ्या कुठल्या तरी खऱ्या गावाचा निघतो आणि पहिल्या दोन चाळण्यांतून आरामात सुटतो. परत येणाऱ्या अंकांतले बरेचसे अशाच पत्त्यांचे असतात.

नऊने सुरू होणारे पिनकोड दिसले तर ते चुकीचे समजून काढू नका. ते सैन्याच्या टपालसेवेचे आहेत, पत्त्यात बहुधा '५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ' (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस) असं लिहिलेलं असतं. त्यांना जिल्हा नाही, नकाशावर जागाही नाही, आणि ती शोधायची पण नाही. साताऱ्या-कोल्हापुराकडच्या यादीत असे पत्ते हमखास असतात. त्यांचा अंक वेळेवर जाईल याची काळजी मी जास्त घेतो.

जिल्हा लावायला बहुतेक जण थेट व्हीलुकअप (दुसऱ्या तक्त्यातून जुळणारी नोंद शोधून आणणारं एक्सेलचं सूत्र) लावतात. मघाशी म्हटलं तसं एका पिनकोडच्या अनेक ओळी असतात आणि व्हीलुकअप त्यातली पहिली सापडेल ती देतं. बहुतेक वेळा चालून जातं. पण काही पिनकोडची कार्यालयं दोन जिल्ह्यांत पसरलेली असतात, तिथे ते गुपचूप चुकतं. आधी डिरेक्टरीतून 'पिनकोड आणि जिल्हा' एवढेच दोन रकाने घ्या, एकसारख्या ओळी काढून टाका, आणि मग ज्या पिनकोडच्या एकाहून जास्त ओळी उरतील तेवढे वेगळे रंगवा. त्या पत्त्यांवर हाताने गाव बघून जिल्हा भरा, ते थोडेच निघतात. ऑनलाइन फॉर्ममध्येही हेच करा: पिनकोड टाकला की जिल्हा आपोआप भरावा, पण वर्गणीदाराला तो बदलता आला पाहिजे. गावाच्या नावासाठी टपाल कार्यालयांची यादी सक्तीची करू नका. प्रत्येक गावात पोस्ट नाही. वाडी-वस्तीच्या माणसाला आपलं गाव यादीत सापडलं नाही म्हणून फॉर्म पुढे सरकत नसेल, तर दोष फॉर्मचा आहे.

जिल्ह्यांच्या नावांवर भरवसा ठेवू नका. उस्मानाबाद-धाराशिव, औरंगाबाद-छत्रपती संभाजीनगर, अहमदनगर-अहिल्यानगर ही नावं वेगवेगळ्या फाइलींत जुनी-नवी मिसळून भेटतात. पालघर जिल्हा २०१४ साली ठाण्यातून वेगळा झाला, त्याआधीची फाइल कुणी दिली तर तिच्यात तो नसणारच. औरंगाबाद बिहारमध्येही आहे. आपल्या रायगडचं इंग्रजी स्पेलिंग काही सरकारी फाइलींत छत्तीसगडच्या रायगढसारखंच येतं. स्वतःचा एक छोटा तक्ता करा, एका बाजूला फाइलमध्ये सापडलेलं प्रत्येक स्पेलिंग, दुसऱ्या बाजूला तुम्ही छापणार ते मराठी नाव. महाराष्ट्राचे छत्तीस जिल्हे, अर्ध्या तासाचं काम. जनगणना किंवा इतर सरकारी आकडेवारी जोडायची असेल तर नावाने न जोडता सरकारच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतल्या जिल्हा क्रमांकाने जोडा. जिल्ह्याचं नाव बदललं तरी दुवा टिकतो.

नकाशासाठी दोन वाटा आहेत. सोपी वाट म्हणजे डिरेक्टरीतल्या अक्षांश-रेखांशांवर ठिपके. ते रकाने तपासल्याशिवाय वापरू नका, काही रिकामे असतात, काही उलटसुलट. भारतात ही चूक पकडणं सोपं आहे: आपले अक्षांश ३८ च्या खाली आणि रेखांश ६८ च्या वर, त्यामुळे आकडे बघूनच अदलाबदल कळते. महाराष्ट्रापुरतं अक्षांश साधारण १५.५ ते २२.१ आणि रेखांश ७२.५ ते ८१ यांच्या बाहेर पडलेलं सगळं बाजूला काढा. जिओनेम्स या संकेतस्थळावरही भारताची पिनकोड फाइल फुकट मिळते, तिच्यात प्रत्येक स्थान कितपत अचूक आहे याचा एक रकाना असतो. पण मूळ म्हणून मी टपाल खात्याचीच धरतो आणि रिकाम्या जागा भरायला ती दुसरी वापरतो. दोन्ही ठिकाणी अट एकच, नकाशाखाली श्रेय द्यायचं.

दुसरी वाट पिनकोडच्या सीमांची. पूर्वी या सीमा अधिकृतपणे मिळतच नसत. मे २०२५ मध्ये टपाल खात्याने 'नो युअर पिनकोड' आणि 'नो युअर डिजिपिन' ही दोन पोर्टलं सुरू केली आणि पिनकोडच्या सीमांची फाइलही खुल्या डेटाच्या संकेतस्थळावर आली. क्यूजीआयएस या नकाशांच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ती उघडते. तरी तुमच्या कामाला मी ठिपकेच सुचवेन. गडचिरोलीकडचा एक पिनकोड केवढा पसरलेला आणि पुण्यातल्या पेठांचा केवढासा! सीमा रंगवल्या की तीन वर्गणीदारांचा भामरागडाकडचा भाग डोळ्यात भरतो आणि शंभर वर्गणीदारांची सदाशिव पेठ दिसतही नाही. डिजिपिन हे वेगळंच प्रकरण आहे, सुमारे चार मीटर लांब-रुंद चौकोनाचा दहा अक्षरी पत्ता. अंक पाठवायला त्याची गरज नाही.

एका गोष्टीचा आग्रह धरतो. पिनकोड टाकला की जिल्हा देणाऱ्या फुकट ऑनलाइन सेवा बऱ्याच आहेत, पण वर्गणीदारांची पूर्ण यादी अशा कुठल्याही अनोळखी ठिकाणी चढवू नका. त्या लोकांनी नाव-पत्ता तुम्हाला अंकासाठी दिलाय. डिरेक्टरी आपल्या संगणकावर असली की सगळं काम इंटरनेटशिवाय होतं. नकाशा छापतानाही जिथे एकच वर्गणीदार आहे तिथला ठिपका तालुक्याच्या गावावर सरकवा.

फाइल उतरवल्याची तारीख तिच्या नावातच लिहा आणि वर्षातून एकदा नवी घ्या. आणि परदेशातले वर्गणीदार असतील तर त्यांच्यासाठी पहिल्या दिवसापासून पिनकोडचा रकाना 'टेक्स्ट' ठेवा, संख्या नको. न्यू जर्सीतल्या मराठी घरांचे झिपकोड शून्याने सुरू होतात, एडिसनचा ०८८२०, आणि एक्सेल ते पहिलं शून्य न विचारता खाऊन टाकतं.