हात न लावता तपासणी

प्रश्न : मी पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारातला त्रास कमी करणाऱ्या सेवेच्या पथकात परिचारिका आहे. साथीमुळे घरभेटी थांबल्या, सगळं व्हिडिओ कॉलवर आलं. वेदना आणि धाप नीट कशी तपासायची?

उत्तर : हात घरच्यांचे, नजर तुमची. फोन हातात धरला की चित्र हलतं. तो कशाला तरी टेकवून रुग्णाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवायला सांगा. खिडकी पाठीमागे नको, चेहरा काळा पडतो आणि ओठांचा निळसरपणा कळत नाही.

शून्य ते दहामध्ये दुखणं किती, हे बोलू शकणाऱ्या रुग्णालाच विचारा. घरच्यांच्या आकड्यात त्यांची भीतीही मिसळते. जागा एका बोटाने दाखवायला सांगा. अख्खा तळवा फिरला तर दुखणं पसरलेलं. घरच्यांना तिथे हलकेच दाबायला लावा आणि त्या वेळी बोटाकडे नको, चेहऱ्याकडे बघा.

श्वास पूर्ण 60 सेकंद मोजा, तोही न सांगता. लक्ष गेलं की लय बदलते. वाक्य एका दमात होतं की दोन-तीन शब्दांवर अडतं, हेही टिपा. बोटं गार असली किंवा नखांना रंग असला तर ऑक्सिमीटरचा, म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्राचा आकडा फसवा येऊ शकतो.

खरा धोका मॉर्फिन या तीव्र वेदनाशामकाच्या पातळ औषधात. बाटलीवर '5 मिलिलिटरमध्ये 10 मिलिग्रॅम' असेल, तर 5 मिलिग्रॅमचा डोस 2.5 मिलिलिटर होतो. फोनवर नुसतं 'पाच' ऐकलेला माणूस 5 मिलिलिटर भरतो, म्हणजे दुप्पट. लेबल कॅमेऱ्यासमोर धरायला लावा, सिरिंज भरून दाखवायला सांगा. नवी बाटली आली की पुन्हा. मॉर्फिनने बद्धकोष्ठता होते, म्हणून शौचाला कधी झाली होती, हे दर वेळी विचाराच. पेंग वाढली किंवा अंगाला झटके येऊ लागले तर डॉक्टरांना लगेच कळवा.

कर्करोगाच्या रुग्णाला पाठीत नवं दुखणं आणि पायात कमजोरी किंवा लघवी अडणं, असं असेल तर व्हिडिओवर वेळ घालवू नका. मज्जारज्जूवर दाब असू शकतो; त्याच दिवशी प्रत्यक्ष तपासणी हवी.

प्रश्न : वाईट बातमी सांगितल्यावर पडद्यावरची शांतता अवघड होते. काय करावं?

उत्तर : गप्प राहिलात की समोरच्याला नेट गेलंसं वाटतं. 'मी इथेच आहे, सावकाश बोला,' एवढं म्हणा आणि मग खुशाल गप्प बसा. खोलीत आणखी कोण आहे आणि कॉल तुटला तर कोणत्या नंबरवर फोन करायचा, हे मात्र सुरुवातीलाच विचारून घ्या. बातमी सांगताना कॅमेऱ्याकडे बघा, म्हणजे नजरेला नजर मिळाल्यासारखी वाटते. फोन ठेवण्याआधी रुग्णाजवळ आता कोण बसणार ते विचारा. कोणीच नसेल तर कॉल चालू ठेवा.