‘कापूस’ शोधला तर ‘कापसावर’ का सापडत नाही?

प्रश्न : नमस्कार सर, मी परभणीचा. आमच्या शेतकरी गटाचे जुने पीक सल्ले सगळे इलास्टिकसर्च या शोधाच्या सॉफ्टवेअरमधे टाकलेत, पण ‘कापूस’ टाकलं की ‘कापसावर फवारणी’ वालं काहीच येत नाही, ‘तूर’ टाकलं की ‘तुरीला’ गायब. हिंदीचा तयार अॅनलायझर (मजकुरातले शब्द शोधाजोगे करून देणारा भाग) लावून बघितला, मन भरलं नाही. स्वतःचा बनवायचा तर सुरुवात कुठून करू?

उत्तर : दादा, मन भरणार नाहीच, कारण हिंदीच्या स्टेमरला (प्रत्यय छाटणाऱ्या भागाला) आपले ‘ला’, ‘साठी’, ‘पासून’ कुठून माहीत असणार. मराठीचा तयार अॅनलायझर इलास्टिकसर्चमधे येतच नाही, पण हिंदीवाल्यातला एक तुकडा मात्र उचलून घ्या, हिंदी नॉर्मलायझेशन. तो ऱ्हस्व-दीर्घ एक करतो, नुक्ता (अक्षराखालचं टिंब) अन् न दिसणारी जॉइनर चिन्हं काढतो, हलंतसुद्धा उडवतो. म्हणजे ‘तूर’चं ‘तुर’, ‘ज्वारी’चं ‘जवारि’. बघायला भयंकर वाटतं, पण बाहेर पडणारा शब्द शुद्ध असायची गरजच नाही, इंडेक्स करताना (मजकूर शोधयादीत भरताना) आणि शोधताना दोन्हीकडून सारखाच पडला म्हणजे झालं.

टोकनायझर, म्हणजे मजकुराचे सुटे शब्द (टोकन) पाडणारा भाग, स्टँडर्डच ठेवा, देवनागरीला तो चालतो. मग नॉर्मलायझेशन, आणि त्याच्यानंतर पॅटर्न रिप्लेस (ठराविक साचा शोधून बदलणाऱ्या) फिल्टरने शेवटचे प्रत्यय अन् त्याच्या आधीची मात्रा छाटायची. ‘तुरीला’चं आधी ‘तुरिला’, मग ‘ला’ गेला, ‘ि’ गेली, उरलं ‘तुर’, जुळलं. प्रत्ययांच्या यादीत नुसता ‘त’ मात्र घालू नका, नाहीतर ‘शेत’मधला ‘त’ही छाटला जाईल.

कापूस एवढ्याने सुटत नाही, कारण सामान्यरूपात मधला ‘ऊ’ गळतो. ‘कापसावर’चं ‘कापस’ होतं आणि ‘कापूस’ तिकडे ‘कापुस’ म्हणून अडून बसतो. पाऊस-पावसाचंही तसंच, तिथं ‘ऊ’चा ‘व’ होतो. अशा शब्दांसाठी स्टेमर ओव्हरराइड नावाचा फिल्टर आहे, कोणत्या शब्दाचं काय करायचं ते त्यात आपणच लिहून द्यायचं, आणि बहुतेक लोक अडकतात ते इथंच. त्याच्या नियमात तुम्ही ‘कापूस => कापस’ असं शुद्ध लिहिलं तर तो नियम कधीच लागणार नाही, कारण त्याच्यापर्यंत शब्द पोचतो तेव्हा तो ‘कापुस’ झालेला असतो. म्हणून ‘कापुस => कापस’, ‘पाउस => पावस’ असंच लिहायचं. प्रत्ययांचंही तसंच, ‘च्या’ नाही, ‘चया’. फिल्टर ज्या क्रमाने लावलेत त्याच क्रमाने शब्द बदलत जातो, त्यामुळे प्रत्येक बदलानंतर अॅनलाइझ एपीआयला (शब्दाचं शेवटी काय होतं ते दाखवणाऱ्या सोयीला) पाच-दहा शब्द देऊन कोणते टोकन पडतात ते डोळ्यांनी बघा, अंदाजावर जाऊ नका.

तोटाही सांगून ठेवतो, नॉर्मलायझेशन सुट्या ‘आ’चा (कान्याचा नाही) ‘अ’ करतं, म्हणून ‘अळी’ आणि ‘आळी’ एकच होतात. पीक सल्ल्यात गल्लीबोळाची आळी कुठून येणार, तुम्हाला चालेल, पण वर्तमानपत्राचा संग्रह असता तर मी हे लावायला सांगितलंच नसतं.

खतांचं बघा. ‘१०:२६:२६’ चे तीन वेगळे टोकन पडतात, मग नुसतं २६ असलेलं काहीही वर येतं. टोकनायझरच्या आधीच कॅरेक्टर फिल्टरने (कच्च्या मजकुरातली अक्षरं बदलणाऱ्या) दोन आकड्यांमधला कोलन अंडरस्कोर करून टाका, म्हणजे एकच टोकन राहतं. फक्त आकड्यांमधलाच बरं का, नाहीतर ‘टीप:’ सुद्धा चिकटून येईल. नंतर डेसिमल डिजिट फिल्टर लावला की देवनागरी आणि इंग्रजी आकडे सारखे होतात.

आणि हो, अॅनलायझर बदलला म्हणून जुने डॉक्युमेंट आपोआप बदलत नाहीत. नवा इंडेक्स करा, रीइंडेक्स करा (जुने डॉक्युमेंट त्यात पुन्हा भरा), मग अलायस (शोध ज्या टोपणनावाने चालतो ते) तिकडे वळवा.

प्रश्न : २०२३ मधे नावं बदलली, पण आमच्याकडच्या जुन्या नोंदी औरंगाबाद-उस्मानाबाद नावाने आहेत. सगळ्या नोंदी बदलू का?

उत्तर : अजिबात नको, जुन्या कागदावर जे होतं तेच राहू द्या. सिनोनिम (एकाच अर्थाच्या शब्दांची यादी) लावा, ‘उस्मानाबाद, धाराशिव’ एका ओळीत आणि ‘औरंगाबाद, संभाजीनगर, छत्रपती संभाजीनगर’ दुसऱ्या. अंबाजोगाईच्या निजामकाळच्या नोंदी असतील तर ‘अंबाजोगाई, मोमिनाबाद’ अशी ओळही जोडून टाका. ‘छत्रपती संभाजीनगर’ हे दोन शब्द आहेत, म्हणून साधा सिनोनिम फिल्टर नको, एकाहून जास्त शब्दांची नावं नीट सांभाळणारा सिनोनिम ग्राफ घ्या, आणि तोही फक्त शोधायच्या बाजूच्या अॅनलायझरमधे. तिथं फिल्टर अपडेटेबल (नंतर बदलता येणारा) ठेवला तर उद्या यादीत भर पडली तरी रीइंडेक्स करत बसावं लागत नाही, नुसतं रीलोड केलं की झालं.