आधी ती उशी काढा

प्रश्न : माझ्या सासूबाई ६७ वर्षांच्या आहेत. पाच आठवड्यांपूर्वी त्यांच्या उजव्या गुडघ्याचं सांधेरोपण झालं. फिजिओथेरपिस्ट घरी येते, पण ती दारात दिसली की सासूबाईंचा चेहरा उतरतो. गुडघा जेमतेम ७५ अंश वाकतो. रात्री ठणकतो म्हणून त्याखाली उशी घेऊन झोपतात. नणंद म्हणते, ‘एवढं मोठं ऑपरेशन झालंय, कशाला छळता आईला?’ जाऊबाई तेलाने मालिश करा म्हणतात. सासूबाईंना एवढंच कळायला हवंय, की गौरीला पाटावर बसता येईल का? — एक सून, सांगली

उत्तर : ताई, सगळ्यात आधी ती उशी काढा. आज रात्रीच. गुडघा किंचित वाकलेला असला की सुजलेल्या सांध्यात पाण्याला जागा मिळते, म्हणून उशी सुखावते. पण रात्रभर तसाच राहिलेला गुडघा तसाच आखडतो. उशी द्यायचीच तर टाचेखाली द्या, म्हणजे गुडघा अधांतरी राहून आपल्या वजनाने सरळ होईल. दिवसातून तीन-चार वेळा दहा-दहा मिनिटं असं झोपवा.

तुमच्या पत्रात गुडघा किती वाकतो ते आहे, सरळ किती होतो ते नाही. मला येणाऱ्या बहुतेक पत्रांत हेच असतं. वाकणं डोळ्यांना दिसतं, सरळ होणं कुणी बघत नाही. खरं तर गुडघा पूर्ण सरळ झाला नाही, तर नुसतं उभं राहायलाही मांडीचा स्नायू सतत ताणून धरावा लागतो. माणूस लंगडतो, लवकर थकतो आणि कंबर धरून बसतो. त्यात ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यात त्या स्नायूची जवळपास निम्मी ताकद गेलेली असते.

घरी तपासून बघा. त्यांना पलंगावर पाय लांब करून बसवा, गुडघ्याखाली तुमचा तळहात घाला आणि म्हणा, ‘आई, माझा हात चेपा.’ बोटं चांगली दाबली गेली, टाच जरा उचलली गेली, तर छान. हात सहज आत-बाहेर होत असेल, तर तिथेच काम बाकी आहे. हेच व्यायाम म्हणूनही करायचं, पाच आकडे मोजेपर्यंत दाबून धरायचं आणि सोडायचं. मालिकेच्या जाहिराती याच कामाच्या.

आता वाकण्याचं. सपाट चालायला साधारण ६० ते ६५ अंश पुरतात, जिन्याला ८० ते ९०, खुर्चीतून नीट उठायला ९०च्या वर. पाचव्या आठवड्यात ७५ म्हणजे मागे आहे. घाबरू नका, पण पुढच्या तारखेची वाट न बघता याच आठवड्यात सर्जनना दाखवा. दीड-दोन महिने उलटूनही गुडघा नव्वदला पोचला नाही, तर कधी कधी भूल देऊन तो वाकवावा लागतो. ती वेळ टाळता आली तर उत्तम.

डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी थेरपिस्ट यायच्या अर्धा-पाऊण तास आधी द्या. दात-ओठ खाऊन, श्वास रोखून घेतलेल्या व्यायामात स्नायू उलट विरोध करतात. पलंगावर पाय दाबून घेण्यापेक्षा सासूबाईंना खुर्चीत बसवा, उजव्या पायाखाली प्लास्टिकची पिशवी ठेवा. फरशीवर पाय सुळकन मागे सरकतो. जमेल तिथवर गेला की डाव्या पायाने त्याला अजून थोडा रेटायचा. लगाम त्यांच्याच हातात राहिला की निम्मी भीती तिथेच जाते. नंतर टॉवेलात गुंडाळलेला बर्फ, पंधरा मिनिटं. नणंदबाई जवळ राहत असतील, तर संध्याकाळचा व्यायाम त्यांच्याकडेच सोपवा. ‘छळ’ हा शब्द आपोआप बंद होईल.

मालिश नको. जखमेवर नको आणि पोटरीवर तर मुळीच नको. या दिवसांत पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. एकच पोटरी सुजली, दुखू लागली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. दम लागला किंवा छातीत दुखलं तर घटकाभरही थांबू नका. जखमेतून पाणी येणं आणि ताप हेही सर्जननाच दाखवायचं. मेडिकलवाल्याला विचारून अँटिबायोटिक सुरू करायचं नाही.

आणि गौरी. यंदा पाट नाही. बहुतेक सर्जन पुढेही खाली बसू नका असंच सांगतात, कारण बसताना-उठताना सांध्यावर फार जोर येतो. आपल्याकडे गौरी उभ्याच असतात. पूजा करणारी खुर्चीत बसली म्हणून त्या काही रुसत नाहीत.

प्रश्न : ऑपरेशनला चार महिने झाले. संध्याकाळी गुडघा गरम लागतो, बाहेरच्या बाजूला बधिर वाटतं, चालताना टक्‌ आवाज येतो. सांधा सैल झाला का? जिना अजून एकेक पायरी करूनच उतरतो. — एक वाचक, ठाणे

उत्तर : तुम्ही सांगितलेल्या खुणांवरून तसं वाटत नाही. ऊब सहा महिने, कधी त्याहून जास्तही टिकते. छेद घेताना त्वचेची एक बारीक नस कापली जाते, त्यामुळे बधिरपणा येतो. तो भाग हळूहळू आक्रसतो, थोडा कायमही राहू शकतो. आवाज धातू आणि प्लास्टिक एकमेकांना टेकल्याचा. मात्र गुडघा अचानक लाल झाला, सूज वाढली, बसल्याजागी दुखू लागला किंवा पाय मध्येच दगा देऊ लागला, तर लगेच दाखवा.

जिन्याचा नियम ठाऊक असेलच: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा. चार महिन्यांनी त्यातून बाहेर पडायला हवं. उतरणं चढण्यापेक्षा अवघड, कारण मागे राहिलेल्या पायाच्या मांडीने सगळं वजन सावकाश खाली सोडायचं असतं. ऑपरेशनचा पाय न हलणाऱ्या बुटक्या पायरीवर ठेवा, कठडा धरा आणि चांगल्या पायाची टाच जमिनीला हलकेच टेकवून परत वर या. धप्‌कन आदळली तर पायरी आणखी बुटकी घ्या.