ॲक्सिलरेटर अधिक दाबला की पेट्रोल अधिकच जळते का?

प्रश्न : माझी मोटार १२०० सीसीची, पेट्रोलवर चालणारी आहे. सपाट रस्त्यावर ताशी ५० किलोमीटर वेगाला मी चौथा गिअर टाकतो. माझे थोरले बंधू तिसऱ्यातच चालवतात, कारण चौथ्यात ॲक्सिलरेटर अधिक दाबावा लागतो आणि पेट्रोल अधिक जळते, असे ते म्हणतात. खंबाटकी घाट उतरताना मात्र ते गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. कोणाचे बरोबर?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ॲक्सिलरेटर अधिक दाबावा लागतो, हे बंधूंचे निरीक्षण अचूक आहे, त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

पेट्रोल इंजिनात ॲक्सिलरेटर थेट पेट्रोल सोडत नाही, तर हवेच्या वाटेवरची थ्रॉटलची झडप उघडतो, आणि आत आलेल्या हवेच्या मानाने इंजेक्टर पेट्रोल फवारतात. झडप जेमतेम उघडी असली की पिस्टनला हवा ओढून घ्यावी लागते. नाक चिमटीत धरून दीर्घ श्वास घेऊन पाहा, म्हणजे ती ओढाताण कळेल. इंजिन नुसते चालू ठेवले असता झडपेपलीकडचा दाब बाहेरच्या हवेच्या जवळजवळ एक तृतीयांशावर येतो. ही ओढाताण पेट्रोल खर्चूनच होते आणि तिच्याने चाक तसूभरही पुढे जात नाही. वेग तोच, म्हणजे चाकांना लागणारी शक्तीही तीच. पण चौथ्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे साधारण चतुर्थांशाने घटतात, प्रत्येक फेऱ्यावर भार वाढतो आणि झडप अधिक उघडते, त्यामुळे ही ओढाताण आणि अंतर्गत घर्षण दोन्ही कमी होऊन ॲव्हरेज वाढते.

याला मर्यादा आहेत. गाडी गचके देऊ लागली किंवा चढावर इंजिनातून टकटक ऐकू आली, तर तत्काळ खालचा गिअर टाकावा. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर बहुतेक इंजिनांत मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढवले जाते, म्हणून शेवटचा टप्पा महागात पडतो. शिवाय भार वाढवावा म्हणून वेग वाढवू नये, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. डिझेल इंजिनात शक्ती कमी-जास्त होते ती मुख्यतः इंधनाच्या मात्रेने, हवा अडवून नव्हे, म्हणून कमी भारावर त्याचे नुकसान बरेच कमी असते.

न्यूट्रलविषयी मात्र कळकळीने सांगतो, की ही सवय त्यांनी आजच सोडावी. कार्बोरेटरच्या काळात तिने थोडे पेट्रोल वाचतही असे. आताच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला ठेवून पाय काढला, की फेरे पुरेसे असेपर्यंत इंजेक्टर पेट्रोल बंद करतात आणि चाकेच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतेच, आणि उतारावर सारा भार ब्रेकवर येऊन ते तापतात.

गाडीत तत्क्षणीचे ॲव्हरेज दाखवणारा आकडा असेल, तर बंधूंना शेजारी बसवा आणि एकाच सपाट पट्ट्यात ताशी ५० चा वेग स्थिर ठेवून, एसी बंद करून, आधी तिसऱ्यात व मग चौथ्यात तो त्यांनाच वाचायला सांगा.