नवीन कोंबडा आणलाय, जुन्या कोंबड्यांत आजच सोडू का?

तुम्ही लिहिलंय की घरी 8 कोंबड्या आहेत, कोंबडा कालच आणलाय आणि "कोंबडा आला का कोंबड्या आपोआप लायनीत येतात" असं ऐकलंय. कोणाकडून ऐकलं भाऊ? कारण हेच वाक्य आमच्या धाकट्या दिरानं माझ्या नागपुरातल्या हुडकेश्वरच्या अंगणात उभं राहून म्हटलं होतं, त्याला चार वर्षं झाली, माझं डोकं अजून थंड झालं नाही.

माझ्याकडे तेव्हा 11 गावरान होत्या. काळी सगळ्यात जुनी, तिच्या आधी कोणाची चोच दाण्याला लागायची नाही. दिरानं बाजारातून सहा महिन्यांचा कोंबडा आणला, तुरा लालभडक, चाल एकदम राजासारखी. मी म्हटलं थोडे दिवस वेगळा ठेवू, तर म्हणे "वहिनी, कोंबडा आहे तो, कोंबड्या काय करून राहिल्या त्याले!" सासूबाई पण त्याच्याच बाजूनं. भर दुपारी दिला सोडून. काळीनं आधी मान वर करून नुसतं पाहिलं, मग गेली आणि सरळ तुऱ्यावर चोच. एकदा रक्त दिसलं की बाकीच्या थांबत नाहीत हे तुम्हाला माहीतच असेल, बाकी दहा पण मागे लागल्या आणि हा राजा कूलरच्या स्टँडखाली डोकं खुपसून बसला, मागचा भाग सगळा बाहेर. दीर चहा पीत होता. झाडू घेऊन मध्ये मी पडले.

मग जुन्या कूलरच्या डब्यातला मोटर-पंखा काढला, जाळी मारली नि त्याला घराच्या मागे एकटा ठेवला, 3 आठवडे. हे भांडणासाठी नाही, मानमोडी म्हणजे राणीखेत रोग टाळण्यासाठी. राणीखेतची लक्षणं दिसायला 2 ते 15 दिवस लागतात, बाजारातला पक्षी आज ठणठणीत दिसतो नि आठव्या दिवशी मान वाकडी, हिरवी हगवण, तोवर सगळं खुराडं गेलं समजा. (माझा तर आधीच मिसळून झाला होता, काही निघालं नाही ते नशीब.) दाणापाणी आधी जुन्यांचं करायचं, मग त्याचं, आणि हात धुवायचे. पंखाखाली उवा बघायच्या. शंका वाटली तर नागपुरात सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजात दाखवा.

त्यानंतर तोच डबा अंगणात कोंबड्यांच्या समोर, आठ दिवस. काळी पहिले दोन दिवस जाळीवर चोच मारून राहिली, मग कंटाळली. नवव्या रात्री अंधार पडल्यावर त्याला दांडीवर नेऊन बसवला आणि उजाडायच्या आधी मी तिथं हजर. दाण्याची नि पाण्याची भांडी दोन-दोन ठेवली होती, थोडी चोचाचोची झाली, बस. चार-पाच दिवसांनी त्याला गांडूळ सापडलं तर स्वतः न खाता टुकटुक करून बोलवायला लागला, आणि काळी गेली, खाल्लं, त्याला हातही लावला नाही म्हणजे चोच नाही लावली.

दीर आता प्रत्येक लग्नात सांगत फिरतो, "पहा, झालं ना आपोआप."

रात्री ठेवून द्या, सकाळी विसरतात, असं पण लोक सांगतात. नाही विसरत बापा. आधी जाळीतून ओळख झालेली असेल तरच ते चालते.

आणि हो, हे सगळं जुना कोंबडा नसेल तर. असेल तर 8 कोंबड्यांत दुसरा ठेवूच नका, एका कोंबड्याला 8-10 तरी लागतात, नाहीतर बिचाऱ्यांच्या पाठीची पिसं जातात. तुमचा पुरा वयाचा, पायाला काटे आलेला असेल तर उलट तोच तलंगांना, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांना, मारेल, तेव्हा नजर ठेवा. मे महिन्यात तर मुळीच नको, 45 डिग्रीत त्या तशाच धापा टाकत असतात.

अंडी कमी होतील का विचारलं होतं, माझ्याकडे आठवडाभर निम्म्यावर आली होती, मग परत सुरू झाली. जाळीचे 340 रुपये मात्र दिराकडून अजून आले नाहीत.