आधी फोन त्यांच्या हातात द्या

ताई, साक्षरता स्वयंसेवकांना, म्हणजे वस्तीतल्या मोठ्या माणसांना लिहाय-वाचायला शिकवणाऱ्यांना, फोन वापरायला शिकवताना पहिल्याच दिवशी प्रोजेक्टर लावू नका. इंदोऱ्यातल्या माझ्या पहिल्या वर्गात मी तीच चूक केली. स्वयंसेवक दोन तास माना डोलावत बसले आणि शेवटी उल्लास या सरकारी प्रौढ साक्षरता कार्यक्रमाच्या अ‍ॅपवर शिकणाऱ्याचं नाव नोंदवायला सांगितलं, तर एकालाही जमेना. आता मी कोणाच्याही फोनला हात लावत नाही. बोट अडलं तरी आपण दाबून द्यायचं नाही. नाहीतर उद्या तेही वस्तीतल्या आजीचं बटण स्वतःच दाबून मोकळे होतील.

सर्वांत जास्त वेळ यूपीआयला द्या. पिन पैसे पाठवताना लागतो, घेताना कधीच नाही, हे प्रत्येकाकडून वदवून घ्या. आमच्या वर्गातल्या एका भाजीवालीने ‘पैसे जमा होतील’ या भरवशावर पिन टाकला आणि दिवसभराचा गल्ला गेला. फार लागलं मनाला. सायबर फसवणुकीचा १९३० हा क्रमांक वहीत मोठ्या अंकांत लिहून घ्या. फसल्याबरोबर लावायचा, दुसऱ्या दिवशी नाही.

बोलून मराठी टाइप करणं पटकन येतं. आणि मे महिन्यात वर्ग सकाळी सातलाच घ्या, दुपारच्या उन्हात कोणी येत नाही.